तीन पेनीचा दवाखाना

घरात दुखणे आले, की त्याच्या मागोमाग आणखी एक चिंता उंबरठा ओलांडून आत येते. ती पैशाची. ताप किती आहे हे पाहण्याआधी महिन्याची तारीख कितवी आहे हे पाहणारी घरे आपल्याकडे आजही थोडीथोडकी नाहीत. म्हातारी आई गुडघ्याचे दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढते, कारण तेवढ्या पैशात नातवाची फी भागते हे तिला ठाऊक असते. मोठे ऑपरेशन निघालेच, तर पाटल्या सराफाकडे जातात, नाही तर शेताचा तुकडा. आजारपण आणि पैसा ही जोडी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कधी फोडता येईल असे सहसा कुणाच्या मनातही येत नाही.

एका माणसाने मात्र ही जोडी फोडण्याचा ध्यास घेतला आणि मंत्री होताच तीन वर्षांत ती फोडून दाखवली. वेल्समधल्या एका कोळसा खाणकामगाराचा हा मुलगा. शाळा अर्धवट सुटलेली, बोलताना जीभ अडखळणारी. ब्रिटनच्या संसदेतला आपल्या काळातला सर्वांत धारदार वक्ता म्हणून पुढे त्याचे नाव झाले. ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि राजाच्या राज्यातले प्रत्येक माणूस एकही पेनी न मोजता डॉक्टरचे दार ठोठावू लागले. त्या मंत्र्याचे नाव अनायरिन बेव्हन. मित्रांचा आणि मतदारांचा तो 'नाय'.

काळ्या खोऱ्यातले घर

दक्षिण वेल्समधले ट्रेडेगर हे गाव म्हणजे डोंगराच्या खोबणीत कोंबून बसवलेली कामगारांची वस्ती. इथेच १५ नोव्हेंबर १८९७ रोजी अनायरिनचा जन्म झाला. वडील डेव्हिड खाणीत कामाला. पुस्तकांची आणि गाण्याची आवड असलेला, स्वभावाने मऊ माणूस. आई फीबी करारी. दहा बाळंतपणे झालेली ही बाई घरी शिवणकाम करून संसाराला हातभार लावी. दहापैकी काही मुले लहानपणीच गेली. त्या काळच्या कामगारवस्तीत यात कुणाला नवल वाटत नसे.

अनायरिन शाळेत रमला नाही. त्यातून बोलताना अडखळे. हेडमास्तरांशी तर त्याचे उभे वैर. तेराव्या वर्षी शाळा संपली आणि पोरगा खाणीत उतरला. दिवसा जमिनीच्या पोटात आणि रात्री कामगारांच्या वाचनालयात, असे त्याचे खरे शिक्षण सुरू झाले. हे वाचनालय खाणकामगारांनीच आपल्या पगारातून वर्गणी काढून उभे केलेले होते. अडखळणाऱ्या जिभेवरही त्याने तोड काढली. जो शब्द अडेल असे वाटे, त्याच्या ऐवजी दुसरा समानार्थी शब्द तयार ठेवायचा. त्यासाठी त्याने पर्यायकोश पाठ केल्यासारखा वाचला. पुढे संसदेत विरोधकांना घाम फोडणारी त्याची शब्दसंपत्ती अशी एका व्यंगातून जमा झालेली होती.

खाणीतल्या अंधारात बुबुळे थरथरण्याचा विकार कामगारांना जडे. तो त्यालाही जडला आणि पहिल्या महायुद्धाच्या भरतीतून तो वगळला गेला. १९१९ मध्ये कामगार संघटनेच्या शिष्यवृत्तीवर तो लंडनच्या सेंट्रल लेबर कॉलेजात दोन वर्षे शिकला. परत आला तर खाणमालकांनी या बोलक्या पोराला पुन्हा कामावर घेतलेच नाही. बेकारीची वर्षे सुरू झाली. घरात बहीण कमावते, या कारणावरून त्याचा बेकारीभत्ताही बंद झाला. बहिणीच्या पगारावर जगण्याचा तो सल त्याच्या मनातून आयुष्यभर गेला नाही.

पण सर्वांत खोल घाव १९२५ सालचा. वर्षानुवर्षे कोळशाची धूळ छातीत साठून वडिलांची फुप्फुसे निकामी झाली होती. श्वासासाठी तडफडत त्यांनी मुलाच्या हातांवर प्राण सोडला. नुकसानभरपाई शून्य. कारण खाणीत होणारा हा रोग त्या वेळच्या कायद्याच्या यादीत धंद्यामुळे होणारा रोग म्हणून बसत नव्हता.

गावाने चालवलेला दवाखाना

ट्रेडेगरला आणखी एक गोष्ट होती. बेव्हनच्या पुढच्या साऱ्या कर्तृत्वाचे बीज तिच्यात आहे. ती म्हणजे कामगारांची वैद्यकीय मदत संस्था. १८९० मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचा हिशेब साधा होता. पगाराच्या दर पौंडामागे कामगाराने तीन पेनी द्यायचे. पौंडात तेव्हा २४० पेनी असत, म्हणजे मिळकतीचा ऐंशीवा हिस्सा. त्या बदल्यात कामगाराला, त्याच्या बायकोला आणि पोराबाळांना डॉक्टर, औषध, दातांचे उपचार, चष्मा आणि गावातल्या छोट्या इस्पितळातली खाट मिळे. डॉक्टर संस्थेचे पगारी नोकर. गावची वस्ती चोवीस हजारांच्या आसपास होती, आणि पुढे पुढे तिच्यातले बहुतेक सगळे या छत्राखाली आले.

ए. जे. क्रोनिन हा तरुण डॉक्टर १९२० नंतरच्या वर्षांत याच संस्थेत नोकरीला होता. पुढे तो कादंबरीकार झाला आणि १९३७ साली आलेल्या 'सिटाडेल' या त्याच्या कादंबरीत खाणगावातल्या वैद्यकीचे बरेवाईट चित्र आले. आपल्याकडेही त्या कादंबरीचे वाचक पुष्कळ. बेव्हन त्याच सुमारास गावाच्या नगर परिषदेवर निवडून आले होते आणि इस्पितळाच्या व्यवस्थापन समितीवर बसू लागले होते. डॉक्टरांचा पगार किती, खाटा किती, औषधाचे बिल का फुगले, या गोष्टी त्यांनी मंत्री होण्याच्या वीस वर्षे आधी गावच्या खातेवहीतून शिकून घेतल्या. पुढे ते गमतीने सांगत, की आपण नवीन काहीच केले नाही, साऱ्या देशाचे ट्रेडेगर केले एवढेच.

१९२९ मध्ये एब व्हेल मतदारसंघातून ते मजूर पक्षाचे खासदार झाले आणि मरेपर्यंत एकतीस वर्षे त्या खोऱ्याने दुसऱ्या कुणाला निवडून दिले नाही. १९३४ मध्ये त्यांनी जेनी ली यांच्याशी लग्न केले. जेनीही स्कॉटलंडच्या खाणकामगाराची मुलगी आणि स्वतंत्र बाण्याची राजकारणी. बेव्हन यांची जीभ इतकी बेलगाम, की १९३९ मध्ये त्यांच्या पक्षानेच त्यांना काही काळ बाहेर काढले होते. युद्धाच्या ऐन धामधुमीत चर्चिलवर संसदेत उघड टीका करणारे जे थोडे खासदार होते, त्यांत ते आघाडीवर. भारताच्या स्वातंत्र्याच्या बाजूने बोलणाऱ्या लंडनमधल्या मंडळींतही ते होते. नेहरू आणि कृष्ण मेनन यांच्याशी त्यांचा स्नेह होता.

धर्मादाय पेट्या आणि रिकामे खिसे

त्या काळचे ब्रिटन म्हणजे जगातले बलाढ्य साम्राज्य. पण तिथल्या सामान्य माणसाच्या औषधपाण्याची तऱ्हा काय होती? १९११ साली लॉइड जॉर्ज यांनी आणलेल्या विमा कायद्यामुळे कामगाराला डॉक्टर मिळाला, पण त्याच्या बायकोला आणि मुलांना नाही. इस्पितळातला खर्चही त्यात नव्हता. त्यामुळे घरात डॉक्टर यायचा तो बहुधा बाप्यासाठी. बाई आपले दुखणे पदराआड ठेवी.

इस्पितळे दोन प्रकारची. एक धर्मादाय, दुसरी नगरपालिकांची. धर्मादाय इस्पितळांत नामवंत सर्जन असत, पण त्यांचा गाडा देणग्या, मृत्युपत्रे आणि रस्त्यावर पेट्या फिरवून जमवलेल्या चिल्लरीवर चाले. शिवाय दानशूर माणसे जिथे राहत, तिथेच ती उभी राहत. जिथे रोग जास्त तिथे खाटा कमी, आणि जिथे पैसा जास्त तिथे सर्जन जास्त, असा उलटा न्याय. डॉक्टरांचेही तेच. फॅमिली डॉक्टर आपली प्रॅक्टिस दुकानाच्या गुडविलप्रमाणे विकत घेत आणि निवृत्त होताना विकत. साहजिकच ज्या पेठेत फी वसूल होते तिथे पाट्यांची गर्दी असे.

युद्धात हे चित्र हलले. बाँबहल्ल्यांतल्या जखमींसाठी सरकारने साऱ्या इस्पितळांना एका आपत्कालीन यंत्रणेत ओढले आणि मोठमोठ्या डॉक्टरांना खेड्यापाड्यांतल्या इस्पितळांची दैना प्रथमच डोळ्यांनी दिसली. डिसेंबर १९४२ मध्ये विल्यम बेव्हरिज यांचा प्रसिद्ध अहवाल आला. या बेव्हरिजसाहेबांचा जन्म आपल्याच बंगालमधल्या रंगपूरचा, वडील तिथे सनदी सेवेत होते. सरकारी अहवाल विकत घ्यायला लोकांच्या रांगा लागण्याचा चमत्कार तेव्हा घडला. म्हातारपण, बेकारी, आजारपण यांत माणसाला आधार देणारी सामाजिक विम्याची योजना त्यात होती, आणि सर्वांसाठी आरोग्य सेवा असेल तरच ती योजना टिकेल असे त्यांनी गृहीत धरले होते. ती सेवा उभी कशी करायची, हे मात्र पुढच्या मंत्र्यावर सोडलेले होते.

जुलै १९४५ मध्ये निवडणुकीचे निकाल लागले. युद्ध जिंकून देणारे चर्चिल हरले आणि मजूर पक्ष ३९३ जागा घेऊन सत्तेवर आला. पंतप्रधान अ‍ॅटली यांनी आरोग्य खाते दिले ते सत्तेचाळीस वर्षांच्या बेव्हन यांना. मंत्रिमंडळातले ते सर्वांत तरुण. कधी कनिष्ठ मंत्रिपदही न सांभाळलेल्या या बंडखोराकडे गृहनिर्माणाचेही काम होते.

विमा नको, कर हवा

बेव्हन यांनी सुरुवातीलाच दोन निर्णय घेतले. आज ते साधे वाटतात, तेव्हा धाडसाचे होते.

पहिला पैशाचा. आरोग्य सेवा विम्याच्या हप्त्यावर चालवावी, असे म्हणणारे पुष्कळ होते. बेव्हन यांचा युक्तिवाद वेगळा होता. विमा म्हटला की हप्ता आला, हप्ता म्हटला की ज्याचा हप्ता थकला तो आला. मग ऑपरेशनच्या टेबलावर रोग्याला घेतल्यावर त्याची हप्त्याची वही तपासायची काय? म्हणून बहुतांश खर्च सर्वसाधारण करांतून व्हावा. ज्याची मिळकत जास्त त्याचा कर जास्त, ज्याचे दुखणे मोठे त्याचा उपचार मोठा, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. निरोगी माणसाने आजाऱ्यासाठी, तरुणाने म्हाताऱ्यासाठी आणि कमावत्याने लेकरासाठी भरायचे. एकत्र कुटुंबात चालतो तोच हा हिशेब, फक्त कुटुंब पाच कोटींचे.

दुसरा निर्णय इस्पितळांचा. धर्मादाय इस्पितळे १,१४३ होती आणि त्यांत सुमारे ९० हजार खाटा. नगरपालिकांची १,५४५ आणि त्यांत सुमारे ३ लाख ९० हजार. ही सगळी त्यांनी राष्ट्राच्या मालकीची करायचे ठरवले. मंत्रिमंडळातच वादळ उठले. ज्येष्ठ सहकारी हर्बर्ट मॉरिसन लंडनच्या पालिकेत वाढलेले. इस्पितळे स्थानिक संस्थांच्या हाती राहावीत, असा त्यांचा आग्रह. बेव्हन यांचे म्हणणे असे, की गरीब गावाची पालिकाही गरीबच असते, मग तिथल्या माणसाला वाईट इस्पितळच मिळणार. अखेर अ‍ॅटलींनी कौल बेव्हन यांच्या बाजूने दिला. नोव्हेंबर १९४६ मध्ये कायदा झाला.

मॉरिसन यांची शंका मात्र अगदीच पोकळ नव्हती. गावच्या इस्पितळावर गावचा डोळा असतो, राजधानीतल्या खात्याचा तेवढा नसतो. कारभार लोकांपासून दूर गेल्याची तक्रार त्या सेवेला पुढे वारंवार ऐकावी लागली.

डॉक्टरांशी झुंज

खरी लढाई पुढे होती. कायदा संसदेत होतो, पण नाडी डॉक्टरलाच पाहावी लागते. ब्रिटिश मेडिकल असोसिएशन ही डॉक्टरांची बलाढ्य संघटना विरोधात उभी राहिली. आपण सरकारी नोकर होऊ, रोग्याला डॉक्टर निवडता येणार नाही, वैद्यकी म्हणजे टपाल खाते होईल, अशी भीती. संघटनेच्या पुढाऱ्यांनी मंत्र्याची तुलना हुकूमशहांशी करायलाही कमी केले नाही. फेब्रुवारी १९४८ मध्ये डॉक्टरांचे मत घेतले गेले. विरोधात चाळीस हजारांवर, बाजूने पाच हजारांच्याही आत. सेवा सुरू व्हायला पाच महिने उरलेले आणि दर दहा डॉक्टरांतले नऊ नाही म्हणत होते.

दुसरा कुणी असता तर तारीख पुढे ढकलली असती. बेव्हन यांनी तारीख हलवली नाही, पण बाकी बरेच काही हलवले. या तापट माणसात वाटाघाटींचे कसब कुठून आले, याचे त्यांच्या शत्रूंनाही आश्चर्य वाटले. संघटनेत मोठ्या इस्पितळांतले विशेषज्ञ आणि गल्लीतले फॅमिली डॉक्टर असे दोन थर आहेत आणि त्यांचे हितसंबंध वेगळे आहेत, हे त्यांनी हेरले. विशेषज्ञांशी बोलणी केली ती चर्चिल यांचेच डॉक्टर लॉर्ड मोरॅन यांच्यामार्फत. अर्धवेळ सरकारी काम करून खाजगी रोगी पाहण्याची मुभा, सरकारी इस्पितळात खाजगी रोग्यांसाठी काही खाटा, गुणवत्तेबद्दल जादा मोबदला. नामांकित शिक्षण रुग्णालयांना स्वतःचे स्वतंत्र मंडळ. या मंडळींची तोंडे आपण सोन्याने भरली, अशा अर्थाची कबुली पुढे त्यांच्या नावावर नोंदली गेली.

फॅमिली डॉक्टरांना त्यांनी दुसरे आश्वासन दिले. संसदेत नवा कायदा केल्याशिवाय त्यांना पूर्ण पगारी नोकर केले जाणार नाही. यादीवर जितके रोगी तितक्या डोक्यांमागे त्यांना ठरावीक रक्कम मिळेल. प्रॅक्टिसची खरेदी-विक्री बंद होईल, पण त्यापोटी ६ कोटी ६० लाख पौंडांची भरपाई देऊ. आणि जिथे डॉक्टरांची आधीच गर्दी आहे तिथे नव्याला परवानगी नाही, म्हणजे आपोआप डॉक्टर खाणीच्या खोऱ्यांकडे वळतील. पुन्हा मत घेतले तेव्हा विरोध बराच ओसरला होता. मेअखेर संघटनेने हत्यारे खाली ठेवली.

या तडजोडींबद्दल बेव्हन यांना त्यांच्याच डाव्या मित्रांनी बोल लावला. खाजगी खाटांचे भांडण तर पुढे तीस वर्षे पुरले. पण ती किंमत मोजली नसती, तर ५ जुलैला दवाखान्यांची दारे उघडली असती का, हाही प्रश्न आहेच.

पाच जुलै

त्या सोमवारी सकाळी मँचेस्टरजवळच्या डेव्हीहुल्म गावातल्या पार्क हॉस्पिटलच्या किल्ल्या समारंभपूर्वक बेव्हन यांच्या हाती देण्यात आल्या. यकृताच्या विकाराने आजारी असलेली तेरा वर्षांची एक मुलगी तिथे खाटेवर होती. या सेवेची पहिली रोगी म्हणून तिची नोंद झाली. तोवर देशातल्या तीन चतुर्थांशाहून अधिक लोकांनी डॉक्टरकडे नावे नोंदवली होती.

आनंदाच्या दिवशीही जीभ आवरली नाही. आदल्याच संध्याकाळी मँचेस्टरच्या सभेत तरुणपणीच्या उपासमारीची आठवण निघाली आणि बेव्हन यांनी हुजूर पक्षाला किड्यामुंगीपेक्षाही हीन ठरवले. वर्तमानपत्रांनी त्यांना फाडून खाल्ले. अ‍ॅटलींनी कानउघाडणी केली. आरोग्य सेवेच्या पहिल्या दिवसाच्या मथळ्यांत त्या एका वाक्याचीच चर्चा झाली.

दवाखान्यांत मात्र वेगळेच दृश्य होते. डॉक्टरांच्या आठवणींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. रांगा लागल्या त्या बायकांच्या. अंग बाहेर येण्याचा त्रास दहा-पंधरा वर्षे सोसलेल्या, बाळंतपणातली दुखणी घेऊनच संसार ओढलेल्या आया. यांना विम्याच्या जुन्या कायद्याने कधी मोजलेच नव्हते. लोकांनी बाजारातले सहा पेनीचे चष्मे टाकून डोळे तपासून घेतले. पहिल्या वर्षात पन्नास लाखांहून अधिक चष्मे दिले गेले, पंचाऐंशी लाखांच्या घरात लोकांनी दातांचे उपचार घेतले आणि अठरा कोटींहून अधिक औषधचिठ्ठ्या लिहिल्या गेल्या.

चष्मे, कवळ्या आणि तोफा

अंदाजपत्रक कोसळले यात नवल नाही. साऱ्या सेवेला वर्षाला १७ कोटी पौंड लागतील, हा बेव्हरिज यांचा अंदाज. लोक निरोगी होत जातील तसा खर्च कमी होईल, अशीही त्यांची आशा. प्रत्यक्षात पहिल्या काही महिन्यांतच पाच कोटींहून अधिक पौंडांची पुरवणी मागणी घेऊन बेव्हन यांना संसदेत उभे राहावे लागले. फुकट मिळते म्हणून लोक उधळतात, असा गिल्ला झाला. बेव्हन यांचे उत्तर असे, की ही उधळपट्टी नसून पिढ्यान्‌पिढ्या तुंबलेल्या दुखण्यांची थकबाकी आहे.

१९५० मध्ये कोरियाचे युद्ध पेटले. अमेरिकेच्या बरोबरीने शस्त्रसज्ज होण्यासाठी ब्रिटनने तीन वर्षांत ४७० कोटी पौंडांचा कार्यक्रम आखला. नवे अर्थमंत्री ह्यू गेट्स्केल यांनी १० एप्रिल १९५१ च्या अर्थसंकल्पात चष्म्यांची आणि कवळ्यांची निम्मी किंमत रोग्याकडून घ्यायचे ठरवले. बचत किती? त्या वर्षात १ कोटी ३० लाख पौंड. बेव्हन तेव्हा मजूर खात्याचे मंत्री होते. त्यांनी राजीनामा दिला. बरोबर हॅरल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन हेही गेले.

एवढ्याशा रकमेसाठी सरकार अडचणीत आणावे काय, असे तेव्हा अनेकांनी विचारले. गेट्स्केल यांची बाजूही कच्ची नव्हती. तिजोरीला तळ असतो, कोणत्याही खात्याला मर्यादा घालावीच लागते, आणि कवळीला पैसे घेतल्याने कुणी मरत नाही. बेव्हन यांना वाटे, की रक्कम लहान आहे म्हणूनच ती घेण्याचे कारण नाही. एकदा खिडकीवर गल्ला ठेवला, की तो लहान राहत नाही. उद्या औषधाला, परवा खाटेला. शिवाय शस्त्रांचा तो कार्यक्रम कारखान्यांच्या आवाक्यापलीकडचा आहे, पैसे खर्चच होणार नाहीत, असेही त्यांनी बजावले होते. त्यातले हे दुसरे भाकीत लवकर खरे ठरले. ऑक्टोबरात मजूर पक्ष निवडणूक हरला, आणि सत्तेवर आलेल्या चर्चिल यांच्याच सरकारला शस्त्रखर्च आवरता घ्यावा लागला. पहिलेही काही अंशी खरे झाले. जून १९५२ पासून औषधचिठ्ठीला एक शिलिंग पडू लागला.

हिशेबाचा निकाल

हुजूर पक्षाच्या सरकारने १९५३ मध्ये केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ क्लॉड गिलबो यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. या सेवेवर वारेमाप खर्च होतो आहे, तो कुठे कापता येईल ते सांगावे, ही अपेक्षा. समितीसाठी रिचर्ड टिटमस आणि ब्रायन एबल-स्मिथ यांनी सारा हिशेब नव्याने मांडला. महागाई वजा केली, वाढलेली लोकसंख्या धरली, आणि १९५६ च्या जानेवारीत निघाला तो निष्कर्ष सरकारला चकित करणारा होता. राष्ट्रीय उत्पन्नातला आरोग्य सेवेचा वाटा १९४९-५० मध्ये पावणेचार टक्के होता, तो १९५३-५४ मध्ये सव्वातीन टक्क्यांवर आला होता. म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या मानाने खर्च वाढला नव्हता, कमी झाला होता. उलट इस्पितळांच्या इमारतींवर फारच थोडा पैसा घातला जात आहे, असे समितीने सुनावले.

याचे कारण व्यवहारातले आहे. सारा देश एकच ग्राहक म्हणून औषधे घेतो तेव्हा भाव पाडून घेता येतात. बिले करणे, हप्ते वसूल करणे, दावे तपासणे यांत जाणारा पैसा वाचतो. दारातला फॅमिली डॉक्टर किरकोळ दुखणी तिथेच निस्तरतो आणि गरज असेल त्यालाच पुढे पाठवतो. पण याची दुसरी बाजूही आहे. किंमत काढून टाकली, की तिची जागा रांग घेते. मोतीबिंदू, खुबा, हर्निया यांसाठी महिनोन्‌महिने थांबण्याचे दुःख ब्रिटनच्या घराघरांना ठाऊक आहे. २०२३ मध्ये एकट्या इंग्लंडातली प्रतीक्षायादी सत्तर लाखांच्या वर गेली होती. आजाऱ्याला पैशाने गाळायचे की रांगेने, हा प्रश्न बेव्हन यांच्या व्यवस्थेने मिटवला नाही. पण रांगेत निदान नंबर दुखण्याप्रमाणे लावता येतो, खिशाप्रमाणे लावावा लागत नाही.

आपल्याकडचे धागे

त्याच वर्षांत आपल्याकडेही हीच चर्चा चालू होती. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ च्या अहवालात पैशाअभावी कुणी उपचारांविना राहू नये हे तत्त्व मांडले. आपली प्राथमिक आरोग्य केंद्रे ही त्याच अहवालाची देणगी. प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना आखली आणि १९४८ मध्येच, ब्रिटनची सेवा सुरू होण्याच्या सुमारे अडीच महिने आधी, आपला कामगार राज्य विमा कायदा झाला. पण तो होता कारखान्यातल्या कामगारांसाठी. शेतमजूर, हमाल, मोलकरीण त्याच्या बाहेर राहिली. ब्रिटनने १९११ च्या कायद्याकडून १९४८ च्या कायद्याकडे जी उडी घेतली, ती आपल्याला घेता आली नाही. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०१३-१४ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४ टक्के लोक थेट खिशातून करत होते. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९ टक्क्यांपर्यंत उतरले. उतरले हे खरे, तरी ओझे मोठेच आहे.

एक धागा उलट दिशेनेही गेला. १९५० आणि ६० च्या दशकांत मुंबईसह आपल्या देशातल्या वैद्यकीय महाविद्यालयांतले शेकडो तरुण डॉक्टर विलायतेला गेले. तिथल्या मोठ्या शहरांतल्या मानाच्या जागा त्यांना सहजी मिळाल्या नाहीत. मिळाल्या त्या जिथे गोरे डॉक्टर जायला नाखूष होते तिथे. वृद्धांच्या, मनोरुग्णांच्या वॉर्डांत, आणि वेल्सच्या खाणीच्या खोऱ्यांत. बेव्हन यांच्या गावाच्या आसपास खाणकामगारांच्या छातीला स्टेथोस्कोप लावणारे कितीतरी हात पुढची तीस-चाळीस वर्षे भारतीय उपखंडातले होते.

शेवटची वर्षे

राजीनाम्यानंतर बेव्हन पुन्हा मंत्री झाले नाहीत. १९५५ मध्ये पक्षनेतेपदासाठी उभे राहिले आणि गेट्स्केल यांच्याकडूनच हरले. पुढे दोघांनी जुळवून घेतले. १९५९ मध्ये ते उपनेते झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोटाचे ऑपरेशन झाले, कर्करोग निघाला. ६ जुलै १९६० रोजी, आरोग्य सेवेला बारा वर्षे पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, चेशॅमजवळच्या आपल्या शेतघरात त्यांनी डोळे मिटले. वय बासष्ट. ज्या पक्षाला त्यांनी किड्यामुंगीहून हीन म्हटले होते, त्या पक्षाच्या सरकारांनीही ती सेवा मोडली नाही. चिठ्ठीचे पैसे मात्र इंग्लंडमध्ये अजून पडतात. वेल्सने ते २००७ मध्ये काढून टाकले.

त्यांची रक्षा ट्रेडेगरच्या वरच्या डोंगरावर विखुरली गेली. जवळच, जिथे ते उघड्या माळावर मतदारांशी बोलत, तिथे चार मोठ्या शिळा उभ्या आहेत. तीन लहान शिळा एब व्हेल, रिम्नी आणि ट्रेडेगर या तीन गावांच्या, आणि मधली मोठी बेव्हन यांची. त्या खाली पसरलेल्या खोऱ्यातल्या खाणी केव्हाच बंद झाल्या आहेत. खाणकामगारांनी तीन पेनी काढून चालवलेली ती संस्थाही आता नाही. तिची गरज १९४८ साली संपली.